राजे, किल्ला तुमचा

ही गोष्ट लिहायला रेणूनं मला तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा हो म्हणाली, तेही एका अटीवर.

"लतिकाताई, लिही. पण मराठीतच लिही. कुणी इंग्रजीत करतो म्हणालं, तर करू देऊ नकोस."

मला वाटलं, भाषेचा अभिमान. चांगलं आहे.

तसं नव्हतं...

रेणू माझी मावसबहीण. आम्ही दोघी नागपूरच्या. मी आता बॉथेलला असते, सिएटलच्या बाजूला. ती मिशिगनमध्ये, नोव्हायला. तिचा नवरा शंतनू गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मुलगा वेदांत, तेव्हा नऊ वर्षांचा. रेणूला खोटं बोलता येत नाही. लहानपणी आम्ही शेजारच्यांच्या कैऱ्या चोरायचो, आणि ही बया स्वतःच जाऊन त्यांना सांगून यायची. मार मला पडायचा. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी तिच्यावर ठेवते.

गेल्या वर्षीची दिवाळी आठवतेय? नरकचतुर्दशी आणि इकडची हॅलोवीन एकाच दिवशी आली होती. एकतीस ऑक्टोबर, गुरुवार. सगळे व्हॉट्सअॅपवर दात काढत होते, सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतं म्हणून. रेणूनंही मला तो विनोद पाठवला होता.

नंतर तिनं तो डिलीट केला.

सगळं सुरू झालं किल्ल्यापासून. त्यांच्या मंडळात दर दिवाळीला मुलांची किल्ला-स्पर्धा असते. इकडे थंडी, त्यामुळे बहुतेक घरांत किल्ला गराजमध्ये होतो. रेणूकडेही तसंच. प्लायवूडची मोठी शीट, दुकानातून आणलेली मातीची पोती, आठवडाभर आधी पेरलेली मोहरी. पुण्याहून आलेले मातीचे मावळे.

पण वेदांतला सिंहगड नको होता, रायगड नको होता.

"आय वॉन्ट स्टर्लिंग कासल," तो म्हणाला.

शाळेत त्यानं वसंतात एक प्रोजेक्ट केला होता. इकडे मुलं एखाद्या थोर माणसाचा वेश करून पुतळ्यासारखी उभी राहतात, आणि कुणी समोर आलं की त्याची गोष्ट सांगतात. वेदांत झाला होता रॉबर्ट द ब्रूस. सातशे वर्षांपूर्वीचा स्कॉटलंडचा राजा. इंग्रजांशी लढला. मूठभर माणसं, डोंगरात लपणं, अचानक हल्ला. बॅनकबर्न नावाच्या ओढ्याकाठी मोठी लढाई झाली, तेव्हा त्याच्या लोकांनी रानात खड्डे खणून वर गवत पसरलं होतं. इंग्रजांचे घोडे त्यात पडले.

"म्हणजे गनिमी कावाच की रे!" शंतनू खूश झाला. "किल्ला तो किल्ला. करू या स्टर्लिंग."

वेदांतनं त्याला एक गोष्ट आणखी सांगितली. हा राजा किल्ला जिंकला की पाडून टाकायचा. स्वतःचाच. जमीनदोस्त.

"काहून बाप्पा?" रेणूनं विचारलं.

"सो द इंग्लिश कुडन्ट लिव्ह इन इट, आई."

हे लक्षात ठेवा.

वेदांत घरात इंग्रजीच बोलतो हे वेगळं सांगायला नको. मराठी सगळी कळते, पण तोंडातून एक वाक्य निघेल तर शपथ. नागपूरहून आजीचा फोन आला की "हाय आजी" म्हणून फोन आईच्या हातात. रेणू रडकुंडीला यायची. "माझ्या आईशी माझा मुलगा दोन शब्द बोलत नाही, ताई," असं तिनं मला शंभर वेळा ऐकवलंय.

रविवारी किल्ला झाला. बुरूज, ओढा, पूल, छोटे छोटे खड्डेसुद्धा. फक्त राजा नव्हता. मावळे होते, पण स्कॉटलंडचा राजा कुठून आणायचा? आणि आपल्या महाराजांची मूर्ती परक्या किल्ल्यात बसवायची, हे शंतनूला पटेना.

मग वेदांतनं एक दगड आणला.

काळपट, मुठीपेक्षा थोडा मोठा. शेजारच्या मिस्टर मॅकरे नावाच्या म्हाताऱ्यांनी तो त्याला शाळेच्या कार्यक्रमानंतर दिला होता. त्यांच्या आजोबांनी स्कॉटलंडहून येताना आणलेला, त्याच ओढ्याच्या काठचा. मॅकऱ्यांच्या घरात तो दाराला अडसर म्हणून पडलेला असायचा.

"धिस इज द किंग," वेदांत म्हणाला, आणि दगड किल्ल्याच्या माथ्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. रेणू पणती लावायला गराजमध्ये गेली. आता आपल्या बायकांचं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. उंचावर ठेवलेला दगड दिसला की हात आपोआप करंड्याकडे जातो. तिनं दगड पाण्यानं धुतला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. वाटीत साखर ठेवली. आणि हात जोडून, थोडं गमतीनं, थोडं मनापासून म्हणाली...

"राजे, किल्ला तुमचा. हे घरही तुमचंच. सांभाळा."

पणतीची ज्योत आडवी झाली.

गराजचं दार बंद होतं. वारा नव्हता.

मंगळवारी सकाळी किल्ला सपाट झालेला होता.

कुणी लाथ मारून मोडलेला नव्हता. खार किंवा रकून शिरला असता तर माती इकडेतिकडे उडाली असती. इथे बुरुजाचे खडे काढून बाजूला ओळीत मांडले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. माती हातानं सारखी केलेली. मधोमध तो दगड.

आणि मावळे...

आदल्या दिवशी ते किल्ल्याच्या चारी बाजूंना पहाऱ्यावर होते. आता सगळे एका ओळीत उभे होते, स्वयंपाकघराकडून गराजमध्ये उघडणाऱ्या दाराकडे तोंड करून.

"वेदांत, तू केलंस?" रेणूनं विचारलं.

"नो! आय स्वेअर!"

त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तो खरं बोलतोय हे तिला कळलं. शंतनू ऑफिसला निघण्याच्या घाईत होता. "अगं, कच्ची माती बसली असेल खाली," म्हणाला. इंजिनिअर ना, त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार. संध्याकाळी बापलेकांनी किल्ला पुन्हा उभा केला.

त्याच संध्याकाळी रेणू करंज्या तळत होती. ओट्यावर तो बोलणारा स्पीकर असतो ना, तो उद्याचं हवामान सांगत होता. इंग्रजीत, नेहमीसारखा. ढगाळ वातावरण, दुपारनंतर...

मध्येच गप्प झाला.

तिनं वळून पाहिलं. ओट्यावर स्पीकर नव्हता.

वायर नव्हती. प्लगही नव्हता. ओट्यावर एक गोल स्वच्छ डाग होता, जिथे तो इतके दिवस बसलेला होता. रेणू झारा हातात धरून उभीच राहिली, आणि कढईतल्या करंज्या जळल्या.

शंतनूला तो रात्री सापडला. गराजमध्ये, किल्ल्याच्या मातीत. बरोबर त्याच्या मापाचा खड्डा होता, त्यात उपडा घातलेला, वर मोहरीची रोपं नीट पसरलेली. किल्ला पुन्हा सपाट होता.

यावेळी 'माती बसली असेल' न म्हणता शंतनूनं किल्ला पुन्हा उभा केला.

बुधवारी त्याचीच पाळी आली.

संध्याकाळचे सहा वाजले असतील. तो बेसमेंटमधून ऑफिसच्या कॉलवर बोलत होता. कानात इअरफोन, हातात लॅपटॉप, बोलत बोलतच जिना चढत होता. रेणू वर भाजी चिरत होती. त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. येस, येस, वी कॅन डू दॅट बाय मंडे...

मग आवाज थांबला.

मग धाडकन काहीतरी पडलं.

ती धावत गेली तेव्हा तो जिन्याखाली पडला होता, पाय भलत्याच बाजूला वळलेला. दिवा लागलेला होता. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या.

"रेणू, पायरी नव्हती," तो कण्हत म्हणाला. "मी पाय टाकला आणि खाली नुसता खड्डा होता. गवत होतं गं. माझ्या तळव्याला गवत लागलं."

त्याच्या मोज्यावर मोहरीचं एक हिरवं पान चिकटलेलं होतं...

घोटा मोडला होता. इमर्जन्सीत चार तास गेले. परत येताना गाडीत रेणूनं मला फोन केला आणि मी, शहाणी, तिला म्हणाले, "दमलीयेस तू. झोप जरा."

आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गुरुवार उजाडला. नरकचतुर्दशी. पहाटे रेणूनं वेदांतला उटणं लावलं, आंघोळ घातली, ओवाळलं. फराळाचं ताट मांडलं. शंतनू सोफ्यावर, पाय उशीवर. आजीचा व्हिडिओ कॉल आला, सगळे मराठीत बोलले, वेदांत नुसता हसत बसला. अर्धा तास घर कसं शांत होतं. इतकं शांत, की आदल्या दोन दिवसांत काही घडलंच नसेल असं वाटावं.

फोन ठेवल्यावर वेदांत म्हणाला, "कॅन आय हॅव वन मोअर चकली?"

गराजमध्ये काहीतरी घासल्याचा आवाज आला.

दगडावर लोखंड घासावं तसा. एकदाच.

रेणूनं कान देऊन ऐकलं. पण तेव्हाही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

संध्याकाळी पोरं यायला लागली. चेटकिणी, सांगाडे, राजकन्या. दर दोन मिनिटांनी बेल. ट्रिक ऑर ट्रीट! रेणू दारात चॉकलेटची टोपली घेऊन उभी. वेदांत राजाचा वेश करून तयार होता. पुठ्ठ्याचा मुकुट, लाल शाल, शंतनूनं करून दिलेली कुऱ्हाड. समोरच्या घरातली मुलं आली की त्यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं.

बेल वाजली. चॉकलेटं दिली. दार लावलं.

टक... टक... टक...

रेणूनं पुन्हा दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

टक... टक... टक...

आवाज समोरच्या दारातून येत नव्हता. पाठीमागून येत होता. गराजच्या दारातून.

आतून.

"वेदांत?" तिनं हाक मारली. उत्तर नाही. सोफ्यावर शंतनू गोळीच्या गुंगीत घोरत होता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

गराजचं दार अर्धवट उघडं होतं.

आत अंधार. तिनं बटण दाबलं, दिवा लागला नाही. स्वयंपाकघराचा उजेड जेवढा आत जात होता, तेवढ्यात तिला मुकुट दिसला. वेदांत किल्ल्यापाशी पाठमोरा उभा होता.

किल्ला नव्हता. सगळी माती शीटभर पसरून सारखी केली होती. आणि मधोमध एक खड्डा होता. खोल नव्हता, वीतभर असेल. पण लांब होता. तळाशी मोहरीची रोपं अंथरली होती.

एक नऊ वर्षांचं पोर त्यात सरळ झोपू शकलं असतं.

रेणूनं चौकट घट्ट धरली.

"आई," वेदांत हळूच म्हणाला, "देअर आर पीपल इन हिअर."

धप.

पाऊल पडलं. एकाचं नाही. पुष्कळ जणांनी एकदम एक पाऊल पुढे टाकलं.

मग पुन्हा शांतता. पण रिकामी नव्हे. खूप माणसं श्वास रोखून उभी असली की होते, तशी. ओल्या लोकरीचा वास येत होता. आणि घोड्यांचा.

"दे आर लुकिंग ॲट मी, आई..."

धप.

आणखी जवळ. वेदांतची लाल शाल हलली, जणू कुणी तिच्याजवळून गेलं.

आणि तेव्हा रेणूला कळलं.

स्पीकर. शंतनूचा कॉल. सकाळची चकली. मराठीत बोलत होते तोवर काही झालं नव्हतं. किल्ला तुमचा, घरही तुमचं, सांभाळा, असं तिनंच सांगितलं होतं. तो सांभाळत होता. त्याच्या किल्ल्यात इंग्रज नको होता.

आता आमचा वेदांत इंग्रज कुठला? नागपूरच्या आजीचा नातू तो. पण सातशे वर्षांपूर्वी ओढ्याकाठी लढलेल्याला ते कोण सांगणार? त्याच्या कानावर जे पडलं ते पडलं.

"वेदांत," रेणू म्हणाली. तिनं आवाज मुद्दाम हळू ठेवला. "बाळा, इंग्रजी नको. एक शब्दही नको. मराठीत बोल."

"आय कान्ट..."

धप.

खड्ड्याच्या कडेची माती आत ढासळली. वेदांतचा पाय कडेवर होता.

"आय डोन्ट नो हाऊ, आई, आय डोन्ट..."

धप. धप.

"बोल रे राजा! काहीही बोल! जेवायला काय असतं आपल्याकडे? सांग मला!"

वेदांत रडत होता. हुंदक्यात शब्द फुटत नव्हता. मग अगदी बारीक आवाजात...

"पोळी."

पाऊल पडलं नाही.

"अजून! अजून काय?"

"भात." हुंदका. "वरण. तूप."

शांतता.

"लोणचं. दही. आजी. पाणी. चकली. झोप. बाबा. उशी..."

त्याला येत होते ते सगळे शब्द तो एकामागून एक काढत गेला. चूक नाही, बरोबर नाही, वाक्य नाही. दूध. चमचा. मांजर. आंघोळ. रेणू एकेक पाऊल पुढे गेली, भोवतीच्या त्या अदृश्य गर्दीतून. तिच्या दंडाला काहीतरी ओलं, खरखरीत घासलं. तिनं मुलाला उचललं आणि पाठ न वळवता मागे मागे येत दार गाठलं. वेदांत तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणत होता, "आई. आई. आई."

बाहेर पोरं बेल वाजवत होती. रेणूनं त्या संध्याकाळी पुन्हा दार उघडलं नाही.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन. सकाळीच ती मॅकऱ्यांकडे गेली. त्यांच्या अंगणात उभं राहून, घरापासून लांब, तिनं सगळं सांगितलं. म्हातारबाबा हसले नाहीत.

मग म्हणाले, "माझ्या आजोबांपासून आम्ही त्यानं दार अडवत आलो. कधी काही झालं नाही. आम्ही त्याला दगडच समजत होतो." त्यांनी रेणूकडे पाहिलं. "तुम्ही काय केलंत त्याला?"

काय सांगणार? हळदकुंकू लावलं म्हणून?

दुपारी शंतनू कुबड्या घेऊन उठला आणि दगड बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. त्याच दिवशी कचऱ्याची गाडी येऊन डबा रिकामा करून गेली.

संध्याकाळी दगड मातीच्या मधोमध होता. कुंकू ओलं होतं.

तेव्हा रेणूनं मला फोन केला. आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि मी तिला सांगितलं ते असं. बसवलेला देव कुणी उचलून फेकत नाही. तू पूजा केलीस, आता उत्तरपूजा कर. भाऊबीज होऊ दे, दिवाळी पुरी होऊ दे. मग हातावर दही घालून, मानानं पाण्यात सोड.

"आणि रेणू," मी बजावलं, "शेवटचं ते 'पुनरागमनाय च' म्हणू नकोस. 'पुन्हा या' असं काही म्हणजे काही म्हणायचं नाही."

"वेडी आहे का मी?" ती म्हणाली.

ते दोन दिवस त्या घरात कुणी इंग्रजीचा एक शब्द काढला नाही. टीव्ही बंद. शंतनू ऑफिसचे फोन लंगडत बाहेर जाऊन गाडीत बसून घ्यायचा. टेबल, फ्रिज म्हणायचीसुद्धा भीती. आपण किती इंग्रजी बोलतो हे तेव्हा कळलं, असं रेणू म्हणते.

आणि वेदांत मराठी बोलायला लागला.

अडखळत, मोडकंतोडकं. "मला भूक आली." "बाबा कुठे आहेस?" भाऊबीजेच्या सकाळी आजीचा फोन आला, तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "आजी, तू जेवली का?" पलीकडे आजी रडायला लागली. रेणूही रडली. तिला कळेना, हे सुख म्हणायचं की काय म्हणायचं.

रविवारी संध्याकाळी ते घराजवळच्या तळ्यावर गेले. त्याच दिवशी घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे साडेपाचलाच दिवस मावळला. काठावर कुणी नव्हतं. शंतनू गाडीपाशी कुबडीवर टेकून उभा. रेणू आणि वेदांत लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत गेले.

तिनं दगडाला शेवटचं कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या. दही ठेवलं. मनात म्हणाली, राजे, चुकलं माझं. तुमचा किल्ला नव्हता तो. जा आता. त्या दोन शब्दांपाशी आल्यावर तिनं दात घट्ट आवळले.

दगड हातात जड लागत होता. आणल्या दिवशीपेक्षा पुष्कळ जड.

तिनं तो पाण्यात सोडला.

डुबुक. वर्तुळं झाली, पसरली, विरली. कुठेतरी खूप लांब घोडा खिंकाळल्यासारखं वाटलं, आणि मग काही नाही. पाणी. थंडी. रेणू म्हणते, खांद्यावरून कुणीतरी हात काढून घ्यावा तसं हलकं झालं. तिनं मोठा श्वास घेतला.

तीन दिवस जीव मुठीत धरून राहिलेलं पोर ते. त्यालाही सुटल्यासारखं झालं असणार. पाण्यात काहीतरी सोडलं की काय म्हणायचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दर वर्षी मंडळाच्या गणपतीला तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो. एवढं एक अख्खं मराठी वाक्य त्याला लहानपणापासून येतं.

वेदांतनं दोन्ही हात वर केले. आणि घसा फाडून, स्वच्छ, न अडखळता ओरडला...

"पुढच्या वर्षी लवकर या!"

तळ्याच्या पलीकडून आवाज परत आला. लवकर या... लवकर या...

रेणू पुतळा होऊन उभी राहिली.

त्यानं वर तिच्याकडे पाहिलं. गाल लाल झालेले, डोळे चमकत होते.

"आई, बरोबर म्हटलं ना मी?"



"हो रे बाळा," रेणू म्हणाली. "अगदी बरोबर म्हटलंस."

वर्ष झालं. काही घडलं नाही. शंतनूचा पाय बरा झाला. वेदांत आता छान मराठी बोलतो, आजीशी तासतास. शाळेत अर्थातच इंग्रजी. घरातही हळूहळू पुन्हा इंग्रजी शिरलंच, किती दिवस कुणी घाबरून राहणार? यंदा किल्ला करायचा नाही, एवढं ठरलं होतं. म्हणूनच तिनं मला लिहायला हो म्हटलं. संपलं म्हणून.

काल दुपारी पुन्हा तिचा फोन आला.

परवा वसुबारस आहे. ती मागच्या अंगणात वाळकी पानं गोळा करत होती. लॉनच्या कडेला एका जागी गवताचा रंग वेगळा दिसला. वाकून पाहिलं, तर ते उगवलेलं गवत नव्हतं. कापून, नीट पसरून ठेवलेलं होतं.

तिनं ते बाजूला केलं. खाली खड्डा होता. लांब, सरळ, कडा साफ केलेला. तळाशी ओलं होतं आणि तळ्याचा वास येत होता.

"ताई," ती म्हणाली, "मागच्या वेळचं माप मला पाठ आहे. गराजमधली माती आवरताना मी पट्टी लावली होती. चार फूट चार इंच, तेव्हाच्या वेदांतएवढं."



"या वर्षात वेदांत दोन इंच वाढलाय," ती म्हणाली.

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"हा खड्डाही तेव्हापेक्षा दोन इंचांनी लांब आहे, ताई."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. शाळेची बस आली असावी. आणि मग घरात पाऊल टाकताच, रोजच्यासारखं, मोठ्यानं...

"आई! आय एम होम!"

रेणूनं फोन तसाच टाकला. ती धावत गेल्याचं मला ऐकू आलं.

काल दुपारपासून मी फोन करतेय. अजून कुणी उचललेला नाही.